पहिले पाच फूट

(कॅलिफोर्नियातील एका मराठी मंडळाच्या स्मृतिव्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या काकांना तुमच्यातल्या अनेकांनी जवळून पाहिलं आहे. नव्याने आलेल्या कुटुंबाला भाड्याची जागा शोधून देण्यापासून ते पहिल्या घराच्या कागदांवर सह्या होईपर्यंत ते सोबत असायचे. घर हा त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय. म्हणून आज मीही घराबद्दलच बोलणार आहे. तीस वर्षांचं कर्ज डोक्यावर घेऊन आपण इथे जे घर घेतलं, ते वणव्यात टिकावं म्हणून मालकाने काय करायचं, हा आजचा विषय.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. वणवा येणार की नाही, हे आपल्या हातात नाही. पण तो आल्यावर आपलं घर पेट घेईल की नाही, हे बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे. त्याचा निकाल लागतो छपरावर, वळचणीत आणि भिंतीपासूनच्या पहिल्या पाच फुटांत. एवढ्या टापूवर मालकाशिवाय कोणाचा हात पोचत नाही, आणि तिथलं काम आग लागण्याच्या कित्येक महिने आधी व्हावं लागतं.

8 नोव्हेंबर 2018. त्या दिवशी दिवाळीचा पाडवा होता. सकाळी साडेसहाच्या सुमारास ब्यूट काउंटीत, फेदर नदीच्या खोऱ्यात, वीजवाहिनीच्या जुन्या मनोऱ्यावरचा झिजून झिजून बारीक झालेला आकडा तुटला, तार सुटली आणि खालचं वाळलं गवत पेटलं. वारा जोराचा होता आणि पावसाचा महिनोन् महिने पत्ता नव्हता. दीड-दोन तासांत आग पॅराडाइज गावात शिरली आणि दिवस मावळेपर्यंत गाव संपलं. 85 माणसं गेली, 18 हजारांहून अधिक इमारती जळाल्या.

त्यानंतर गावाची जी छायाचित्रं आली, त्यांतलं एखादं तुम्हीही पाहिलं असेल. घरांच्या जागी राखेचे चौकोन, मधे उभी राहिलेली एखादी धुराड्याची भिंत, वितळून ओघळलेली गाड्यांची चाकं. आणि या सगळ्याच्या मधोमध उंच, हिरवे पाइन वृक्ष. जंगलाची आग ज्वाळांची भिंत होऊन गावावरून गेली असती, तर आधी ही झाडं जळायला हवी होती. ती शाबूत होती आणि त्यांच्या सावलीतलं घर मात्र राख झालं होतं. म्हणजे घराला आग झाडाने लावली नाही. घर दुसऱ्याच कशाने पेटलं.

हे कोडं सोडवण्यात जॅक कोहेन या संशोधकाने आयुष्य घातलं. ते अमेरिकेच्या वन सेवेत होते. मोंटानातल्या मिझूला इथल्या अग्निविज्ञान प्रयोगशाळेत त्यांचं काम चाले. 1990 च्या दशकाच्या अखेरीस कॅनडाच्या उत्तर भागात संशोधकांनी जंगलाचे ठरावीक तुकडे मुद्दाम पेटवून आगीचा अभ्यास केला. कोहेन यांनी त्या जंगलाच्या कडेला लाकडी भिंती उभारल्या. कडेपासून 10, 20 आणि 30 मीटरवर. झाडांच्या शेंड्यांतून धावणारी, पाहणाऱ्याचं काळीज हलवणारी ती आग होती. 10 मीटरवरच्या काही भिंती पेटल्या. 20 आणि 30 मीटरवरची एकही पेटली नाही.

कारण साधं आहे. असल्या आगीची झळ भयंकर असते, पण एका जागी ती टिकते मिनिट-दोन मिनिटं. लाकडाची भिंत पेटायला धग जवळून आणि बराच वेळ लागावी लागते. पुढे 2000 च्या मे महिन्यात न्यू मेक्सिकोतल्या लॉस अलामॉसमध्ये दोनशेहून अधिक घरं जळाली, तेव्हा कोहेन तिथे पाहणीला गेले. तिथेही तेच दृश्य होतं. जळालेल्या घरांना खेटून न जळालेली झाडं. आग जमिनीवरच्या पाइनच्या सुयांमधून सरपटत आली होती, लाकडाच्या रचलेल्या ढिगापर्यंत पोचली होती आणि ढिगावरून घरात शिरली होती.

मग लांब, डोंगरापलीकडे असलेली आग घरापर्यंत येते कशी? ती येते ठिणग्यांनी. सालीचा एखादा तुकडा, पाइनचं बोंड, जळत्या छपराची ढलपी, असे निखारे वाऱ्यावर स्वार होऊन मैल-मैल लांब जातात. कॅलिफोर्नियाच्या उत्तरेत ज्याला डायब्लो म्हणतात आणि दक्षिणेत सांता आना, तो कोरडा, उष्ण वारा पूर्वेकडून उतरतो तेव्हा या निखाऱ्यांचा पाऊस पडतो. ऑक्टोबर 2017 मध्ये टब्स आगीने सांता रोझाजवळ सहा पदरी महामार्ग 101 ओलांडला आणि कॉफी पार्क ही सपाटीवरची, चारचौघांसारखी वसाहत जाळून टाकली. तिथल्या रहिवाशांपैकी कोणाला आपण वणव्याच्या टापूत राहतो असं वाटलं असेल? 30 डिसेंबर 2021 ला कोलोराडोत सुपीरियर आणि लुईसव्हिल या गावांत हजारावर घरं गेली. तिथे तर जंगलही नव्हतं. माळावरचं गवत होतं, ऐन हिवाळा होता आणि तुफानी वारा होता.

तेव्हा ठिणगी येणार, हे धरून चाला. खरा प्रश्न असा, की ती जिथे पडेल तिथे तिला काय खायला मिळेल?

एका ठिणगीचा प्रवास जरा जवळून पाहू. छपराच्या कडेला पावसाचं पाणी वाहून नेणारी पन्हळ असते. इथे सहा-सहा महिने पाऊस नसतो, त्यामुळे पन्हळीकडे कोणाचं लक्ष जात नाही. ओकची पानं, पाइनच्या सुया, पाखरांनी आणलेल्या काड्या तिच्यात साचत जातात आणि ऑक्टोबरपर्यंत कुरकुरीत वाळतात. ठिणगी या पाचोळ्यात पडते, आत शिरते आणि धुमसते. वाऱ्याची एक झुळूक आली की फुलते. ज्वाळा हातभरच उंच असते, पण ती नेमकी छपराच्या कडेच्या लाकडी फळीला लागून असते. फळी धरते, फळीमागचं प्लायवूड धरतं आणि आग माळ्यावर जाते. तुमचं छप्पर वरून कितीही चांगलं, सर्वोत्तम ‘ए’ वर्गाचं असलं, तरी आग त्याच्या खालून आत गेलेली असते. घरात माणूस नसतो, कारण सगळ्यांना आधीच बाहेर काढलेलं असतं. अर्ध्या तासात माळा पेटतो आणि घर वरून खाली जळत येतं. जी आग एक बादली पाण्याने विझली असती, तिच्यापायी सगळं घर जातं.

दुसरी वाट झरोक्याची. माळ्याला आणि फरशीखालच्या पोकळीला हवा लागावी म्हणून भिंतीत आणि वळचणीत जाळीचे झरोके ठेवलेले असतात. जुन्या घरांत ही जाळी पाव इंचाची असते. ती उंदीर अडवते, चिमणी अडवते. ठिणगी तिच्यातून सहज आत जाते. माळ्यावर आपण काय ठेवतो? गणपतीच्या मखराचं सामान, पुठ्ठ्याची खोकी, मुलांचे जुने कपडे. तिथे पाव इंचाचा निखारा पुरतो. उपाय आहे एक अष्टमांश इंच किंवा त्याहून बारीक धातूची जाळी, आणि नव्या बांधकामात ठिणगी व ज्वाळा दोन्ही अडवणारे, चाचणी झालेले झरोके. प्लास्टिकची जाळी लावू नका, ती वितळते. घराच्या सगळ्या झरोक्यांना जाळी लावणं हे एखाद्या शनिवार-रविवारचं काम आहे, आणि खर्चाच्या मानाने त्याहून मोठं संरक्षण मला तरी माहीत नाही.

हे सगळं प्रत्यक्ष करून पाहिलेलं आहे. साउथ कॅरोलिनातल्या रिचबर्ग इथे विमा कंपन्यांच्या पैशातून चालणारं एक संशोधन केंद्र आहे. तिथे 105 प्रचंड पंखे लावलेल्या दालनात खरं, पूर्ण आकाराचं घर उभं करतात आणि त्यावर वाऱ्याने निखारे सोडतात. त्यांनी एकाच घराचे दोन भाग करून दाखवले आहेत. एका बाजूला साधी लाकडी भिंत, भिंतीलगत झाडाच्या सालीचा थर आणि झुडपं. दुसऱ्या बाजूला न जळणारी भिंत आणि भिंतीलगत खडी. वारा तोच, निखारे तेच. पहिली बाजू बघता बघता पेटते, दुसरी उभी राहते.

कॅलिफोर्नियाने 2008 पासून धोक्याच्या भागांतल्या नव्या घरांना छप्पर, झरोके, भिंती यांचे कडक नियम लावले. पॅराडाइजच्या आगीत त्यांची परीक्षाच झाली. पत्रकारांनी पंचनाम्याच्या नोंदी तपासल्या, तेव्हा 2008 नंतर बांधलेल्या घरांपैकी सुमारे निम्म्या घरांना धक्का लागला नव्हता. त्याआधीच्या घरांत हे प्रमाण 18 टक्के होतं. आग एकच, गाव एकच. नियम पाळले म्हणून घर हमखास वाचतं असं मी म्हणणार नाही, कारण उरलेली निम्मी जळालीच. पण जगण्याची शक्यता अडीच पटींहून जास्त होते, आणि ती वाढवणं माणसाच्या हातात आहे, एवढं त्यातून नक्की कळतं.

आता पहिल्या पाच फुटांकडे येऊ. भिंतीपासून पाच फुटांचा पट्टा, डेक असेल तर डेकखालची जागाही त्यातच धरायची. इथले लोक याला ‘झोन झिरो’ म्हणतात. 2020 साली त्याचा कायदा झाला; नियम कसे असावेत यावर पुढे वर्षानुवर्षं वाद झाला. कुंपणं, वेली, भिंतीलगतची फुलझाडं यांवर लोकांचा जीव असतो, म्हणून वाद होणं समजण्यासारखं आहे. पण ठिणगीला नियमांच्या मसुद्याशी कर्तव्य नसतं. या पट्ट्यात जळेल असं काहीही नको, एवढंच तिच्या दृष्टीने खरं आहे.

आमच्या भागातल्या स्वयंसेवकांबरोबर मी घरांची पाहणी करायला जातो. आपल्या मराठी माणसांच्या घरांत मला ज्या गोष्टी दिसतात, त्या इंग्रजी माहितीपत्रकांत सापडत नाहीत, म्हणून इथे मुद्दाम सांगतो. दारावर दसऱ्याचं तोरण असतं, ते दिवाळी उलटून गेली तरी वाळलेल्या पानांसकट तसंच असतं. दाराशी काथ्याचं पायपुसणं. शेजारी चपलांची लाकडी मांडणी, तिच्यात कापडाचे आणि रबराचे बूट. भिंतीलगत प्लास्टिकच्या कुंडीत तुळस, कुंडीत वाळलेल्या मंजिऱ्या. पोर्चमध्ये कागदाचा आकाशकंदील. आणि पायरीच्या दोन्ही बाजूंना तपकिरी सालीचा जाड थर, माळ्याने नीटनेटकं दिसावं म्हणून पसरलेला.

यातलं काहीही सोडून द्या असं मी म्हणत नाही. तुळस हवीच, ती मातीच्या किंवा दगडाच्या वृंदावनात, भिंतीपासून लांब, अंगणात ठेवा आणि मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडा. पाडवा-भाऊबीज झाली की तोरण उतरवा. आकाशकंदील वाऱ्याच्या इशाऱ्याच्या दिवशी आत घ्या. काथ्याच्या जागी रबर-लोखंडाचं पायपुसणं ठेवा. सालीचा थर काढून खडी घाला. कॅलेंडर पाहा: ओकलंडच्या टेकड्यांवरची 25 माणसांचा बळी घेणारी आग 20 ऑक्टोबर 1991 ची, टब्स 8 ऑक्टोबरची, पॅराडाइज पाडव्याची. आपले सणाचे दिवस हे इथल्या वाऱ्याचे दिवस आहेत. घटस्थापनेआधी घर झाडून-पुसून लख्ख करण्याची आपली रीत आहेच. त्या दिवसांत झाडू घेऊन घराबाहेरही एक फेरी मारा, शिडी लावून पन्हळ रिकामी करा, डेकखालचा पाचोळा ओढून काढा.

कोकणातली माणसं इथे असतील, त्यांना आगोट सांगायला नको. मृगाआधी कौलं चाळायची, पन्हळी साफ करायच्या, पडवीला झडपा बांधायच्या, लाकूडफाटा कोरड्यात घ्यायचा. पाऊस दारात आल्यावर कोणी कौलं चाळायला चढत नाही. वणव्याचीही तशीच आगोट असते. मोठी कामं मे-जूनमध्ये करायची, गवत पिवळं पडायच्या सुमारास. आणि दुसरी फेरी नवरात्राआधी.

पाच फुटांच्या पलीकडे तीस फुटांपर्यंतची जागा मोकळी-मोकळी ठेवायची. गवत छाटलेलं, झाडांच्या खालच्या फांद्या काढलेल्या, एका झुडपाची ज्वाळा दुसऱ्याला लागणार नाही इतकं अंतर. त्यापुढे शंभर फुटांपर्यंत, म्हणजे आपल्या हद्दीत जेवढं असेल तेवढं, वाळलेलं गवत आणि पडलेल्या फांद्या काढायच्या. ज्युनिपर आणि उंच, सडसडीत सायप्रस ही झाडं घराजवळ नकोत. वरून हिरवी दिसतात, आत वाळलेल्या काड्या भरलेल्या असतात आणि तेलामुळे ती भडकून पेटतात. बाकी झाडांना माझा विरोध नाही. हवाईतल्या लाहैना गावात भारतातून आणलेला एक वड आहे, 1873 साली लावलेला. 8 ऑगस्ट 2023 च्या आगीत त्याच्याभोवतीचं गाव जळालं, शंभरावर माणसं गेली. वड होरपळला, तरी पुन्हा फुटला. जिवंत, ओलं, राखलेलं झाड घराचा शत्रू नसतं. भिंतीला चिकटलेलं झुडूप आणि पन्हळीतला पाचोळा हे खरे शत्रू.

त्याच लाहैनात, समुद्राकाठच्या रस्त्यावर, आजूबाजूला राख असताना एक लाल छपराचं लाकडी घर शाबूत राहिलं. जगभर त्याचं छायाचित्र गेलं. घर शंभरेक वर्षांचं. मालकांनी आधी त्याची डागडुजी केली होती: छपरावर जाड धातूचा पत्रा घातला होता, भिंतीलगतची झाडं काढली होती आणि छपराचं पाणी पडतं तिथपर्यंत दगड पसरले होते. भिंतीलगतची जागा त्यांनी वाळवी लागू नये म्हणून मोकळी केली होती. वाळवीसाठी मोकळी केलेली जागा आगीलाही रिकामी मिळाली. त्यात नशिबाचाही वाटा असेल. पण नशीब पडायला जागा त्यांनी करून ठेवली होती.

यावर लोक काय म्हणतात, ते मला माहीत आहे. पहिलं म्हणणं: अग्निशमन दल कशासाठी आहे? जानेवारी 2025 आठवा. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पॅलिसेड्स आणि अल्टाडेनात दोन दिवसांत आग पसरली, पुढे मोजदाद झाली तेव्हा 16 हजारांहून अधिक इमारती गेल्या होत्या. पहिल्या संध्याकाळी वाऱ्यामुळे पाणी टाकणारी विमानं उडू शकली नाहीत. पॅलिसेड्सच्या उंचावरच्या भागात नळांना पाणी राहिलं नाही. या देशातली सगळ्यात अनुभवी अग्निशमन दलं तिथे होती आणि जवानांनी जिवाची पर्वा केली नाही. पण एकाच वेळी हजार घरं पेटली तर हजार बंब कुठून येणार? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, हे तिथे अक्षरशः घडलं. जवान आल्यावर जे घर वाचवणं शक्य आहे तिथेच पाणी लावतात, हेही लक्षात ठेवा. पाचोळा काढलेलं घर त्यांच्याही उपयोगी पडतं.

दुसरं म्हणणं: विमा आहे ना. विमा पैसे देतो, तेही बऱ्याचदा नव्याने बांधायला पुरत नाहीत. बांधकामाचे भाव वाढतात, परवानग्यांना वेळ लागतो, वर्षं जातात. शिवाय धोक्याच्या भागांतून कंपन्या काढता पाय घेत आहेत. नूतनीकरण होणार नाही अशी पत्रं तुमच्यातल्या काहींना आली असतील. 2022 पासून राज्याचा नियम आहे की घर सुरक्षित करणाऱ्या मालकाला कंपन्यांनी हप्त्यात सवलत द्यायची. केलेल्या कामांचे फोटो काढा, पावत्या जपा आणि ती सवलत मागून घ्या.

तिसरं म्हणणं मला सगळ्यात गंभीर वाटतं. ‘आमची घरं एकमेकांना खेटून आहेत. मी सगळं केलं आणि शेजाऱ्याने काहीच केलं नाही, तर काय उपयोग?’ हे खरं आहे. झाडांची आग मिनिटभरात पुढे जाते, पण शेजारचं घर पेटलं तर तासभर धगधगतं आणि दहा-पंधरा फुटांवरून त्याची धग आपल्या खिडकीची काच फोडते. अल्टाडेनात बरीच घरं अशी शेजारच्या घरामुळेच जळाली. आपल्या वसाहतींत दोन घरांमधल्या बाजूच्या जागा बहुधा पाच-पाच फुटांच्याच असतात. म्हणजे आपले पहिले पाच फूट संपतात तिथे शेजाऱ्याचे सुरू होतात, आणि मधे उभं असतं लाकडी कुंपण, दोघांच्या मालकीचं, आग एका घरातून दुसऱ्याकडे नेणारं. त्या अरुंद बोळात आपण काय ठेवतो? कचऱ्याचे प्लास्टिकचे डबे, उरलेल्या फळ्या, जुनी सायकल.

म्हणूनच हे काम एकट्याचं नाही. कुंपणाचा भिंतीला टेकणारा पाच फुटांचा तुकडा काढून तिथे लोखंडी फाटक बसवायचं असेल, तर शेजाऱ्याशी बोलावंच लागेल. राष्ट्रीय अग्निसुरक्षा संघटनेचा ‘फायरवाइज’ हा कार्यक्रम 2002 पासून चालू आहे. त्यात किमान आठ घरांनी एकत्र येऊन आपल्या गल्लीची पाहणी करायची, वर्षाचा आराखडा करायचा आणि दरवर्षी काम केल्याचा हिशोब द्यायचा. गृहसंकुल असेल तर व्यवस्थापन समितीत आपला माणूस जायला हवा. गणेशोत्सवाला आपण दोनशे माणसांचं जेवण उभं करतो, पावत्यांपासून पंगतीपर्यंत सगळं चोख होतं. आठ घरं जमवणं आपल्याला अवघड नाही.

घराबद्दल एवढं बोललो, आता माणसांबद्दल, आणि विशेषतः आई-वडिलांबद्दल. आपल्या घरी भारतातून आलेले आई-बाबा सहा-सहा महिने राहतात. दिवसा आपण कामावर, मुलं शाळेत, ते दोघंच घरात. त्यांना इथे गाडी चालवता येत नाही. फोनवर इंग्रजीत आलेला इशारा त्यांना कळेलच असं नाही. पॅराडाइजमध्ये मेलेल्यांपैकी बहुतेक जण पासष्टीच्या पुढचे होते. 2025 मध्ये पश्चिम अल्टाडेनात घर सोडण्याचा आदेश फार उशिरा पोचला, आणि तिथल्या मृतांमध्येही वृद्ध खूप होते.

तेव्हा आई-बाबा आले की पहिल्या आठवड्यात त्यांच्याशी बसून हे बोला. धुराचा वास आला, आकाश नारिंगी दिसलं, की कोणाला फोन करायचा. दाराशी त्यांची एक पिशवी तयार ठेवा: पासपोर्ट, रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या, चष्मा, बंद बूट. गाडी चालवणाऱ्या एका शेजाऱ्याशी त्यांची ओळख करून द्या आणि त्याला सांगून ठेवा. काउंटीच्या इशाऱ्यांसाठी तुमचा आणि त्यांचाही फोन नोंदवा. वीज गेल्यावर गॅरेजचं दार हाताने कसं उघडायचं, हे त्यांना एकदा करून दाखवा.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. आग आली की घर वाचवायला मागे थांबू नका. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यात 7 फेब्रुवारी 2009 च्या शनिवारी 173 माणसं मेली. ‘तयारी असेल तर थांबा, नाहीतर लवकर निघा’ हे तोवरचं तिथलं धोरण होतं. मेलेल्यांपैकी बरेच जण आपल्या घरातच होते. मी सांगतोय ते सगळं काम याच कारणासाठी आहे. घर तुमच्या गैरहजेरीत, एकट्याने ठिणग्या झेलू शकेल असं आधीच करून ठेवायचं, म्हणजे निघताना पाय अडत नाही.

तुमच्यातल्या काहींची महाराष्ट्रातही घरं आहेत. मुळशीला, कर्जतला, कोकणात. सह्याद्रीवर फेब्रुवारीपासून मेपर्यंत वणवे लागतात, आणि जवळजवळ सगळे माणसाने लावलेले असतात: विझवायची राहिलेली विडी, नवं गवत चांगलं येईल या समजुतीने लावलेली काडी, बांधावरचा पेटवलेला कचरा. आंबा-काजूच्या बागा दरवर्षी जळतात. गोव्यात मार्च 2023 मध्ये म्हादई अभयारण्यात आणि आसपास इतक्या ठिकाणी आगी लागल्या की हवाई दल आणि नौदलाची हेलिकॉप्टरं पाणी टाकायला बोलवावी लागली. तिथल्या जुन्या घराला सारवलेलं खळं असे, भिंतीलगत उघडी माती असे, आणि गवताची उडवी रचताना जाणती माणसं घर-गोठ्यापासून अंतर राखत. आता तिथे आपण डोंगराच्या कुशीत लाकडी कॉटेज, गवताने शाकारलेली छत्री आणि सप्टेंबरनंतर कोणी न कापलेलं गवत ठेवून इकडे येतो. राखणदाराला पैसे पाठवाल, तेव्हा होळीआधी गवत कापून घ्यायला आणि कुंपणालगत वन खात्यासारखी जाळरेषा काढून घ्यायलाही सांगा.

मित्रहो, हवामान बदलतंय, कोरडे महिने लांबत आहेत, वीजवाहिन्या जुन्या आहेत, डोंगरात घरं वाढत आहेत. या सगळ्याबद्दल मतदान करा, सभांना जा, आवाज उठवा. ते करायलाच हवं. पण त्या लढाया वर्षानुवर्षं चालतील आणि वारा त्यांच्यासाठी थांबणार नाही. तुमची पन्हळ मात्र या आठवड्यात साफ होऊ शकते.

म्हणून व्याख्यान संपवताना मी टाळ्यांऐवजी एक काम मागतो. येत्या शनिवारी सकाळी तासभर काढा. सोबत एक शेजारी घ्या, मग तो कोणत्याही भाषेचा असो. आधी तुमच्या घराभोवती फिरा, मग त्याच्या. जिथे जिथे एखादा निखारा पडून धुमसू शकेल अशी जागा दिसेल, तिचा फोनवर फोटो काढा. त्यातली जी कामं फुकट होतात ती त्याच दिवशी करा. जी पन्नास-शंभर डॉलरची आहेत ती महिन्यात करा. छपराची, खिडक्यांची मोठी कामं पुढच्या दोन-तीन वर्षांच्या हिशोबात धरा. बाहेर मंडळाच्या टेबलावर मी एक वही ठेवली आहे. आपल्या गल्लीत आठ घरं जमवायची ज्यांची तयारी आहे, त्यांनी नाव आणि गल्ली लिहावी. पहिल्या पाहणीला मी आणि आमचे स्वयंसेवक तुमच्याकडे येऊ, शिडी आमची आम्ही आणू.

 आता प्रश्न विचारा, आणि जाताना वहीत नाव लिहायला विसरू नका.